बोल्ट कुणी मारला?

बेळगावातून रॉक क्लाइंबिंगवर अंक काढते म्हटलं की समोरचा पहिलं विचारतो, इथे डोंगर कुठायत? आणि मग जरा थांबून दुसरं, वाचतं कोण? दुसऱ्याचं उत्तर मला अजून नीट देता येत नाही, पण पहिल्याचं येतं, आणि ते इतक्यांदा देऊन झालंय की आता कुणी नुसती भुवई वर केली तरी मी सुरू होते.

दख्खनचा लाव्हा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, थरावर थर साचत वरून खाली आला तो आमच्या भागात येऊन संपतो. गोकाकला घटप्रभा ज्या ५२ मीटरच्या कड्यावरून उडी घेते तो कडा बेसॉल्टचा, म्हणजे त्या लाव्ह्याच्या काळ्या दगडाचा, नाहीच, वालुकाश्माचा आहे, लाव्ह्याच्या कितीतरी आधीचा, आणि त्याच जुन्या दगडांच्या पट्ट्यात पूर्वेला गेलं की बदामी, लालभडक भिंती. अजून पुढे हंपी, तिथे ग्रॅनाइटचे घराएवढे गोटे. म्हणजे बेळगावच्या सेंट्रल बस स्टँडवर उभं राहिलं तर तीन तऱ्हेच्या दगडांकडे जाणाऱ्या गाड्या एकाच आवारातून सुटतात. राज्यांच्या सीमेवरून आमच्याकडे १९५६ पासून भांडण चालूय, दगडांच्या सीमेबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढत नाही.

आणि दगड बदलला की चढणारा माणूसही बदलतो, मला मजा वाटते ती याची. सह्याद्रीत चढणं म्हणजे सुळका बघायचा, पायथ्याच्या गावात कुणाच्या तरी ओसरीवर पथाऱ्या टाकायच्या, अंधारात निघायचं, मग घसारा, गवत, हातात येणारे धोंडे, खालून वर एकेक बोल्ट, म्हणजे दोर अडकवायची लोखंडी खुंटी, दगडात ठोकत जायचं, माथ्यावर भगवा, फोटो, आणि उतरल्यावर पिठलं-भाकरी. बदामीत माथ्याचं कुणाला पडलेलंच नसतं. बोल्ट आधीच मारलेले, रूटला, म्हणजे चढायच्या वाटेला, नाव आणि अवघडपणाची ग्रेड दिलेली (तिथला ८बी+ ग्रेडचा ‘गणेशा’ देशातल्या अवघड रूटांत गणला जातो), एकाच मूव्हसाठी माणूस आठवडाभर त्याच भिंतीखाली पडून राहतो आणि पडला तर हसतो. हंपीत तर दोरच नाही, पडलं तर अंगाखाली यायला पाठीवर गादीएवढा क्रॅश पॅड, खिशात ब्रश, सकाळी ऊन चढायच्या आत जे काय करायचं ते. तिन्हीकडची माणसं एकमेकांना मनातल्या मनात हसतात. सह्याद्रीवाले म्हणणार बदामीवाले चढत नाहीत, व्यायाम करतात. बदामीवाले म्हणणार हे लोक चढत नाहीत, मोहीम काढतात. आम्ही बेळगावकर तिन्हीकडे पाहुणे, त्यामुळे आम्हाला तिघांचंही हसणं ऐकू येतं. अंक इथूनच निघायला पाहिजे असं मला वाटायला लागलं ते यातून, बाकी काही फार थोर कारण नव्हतं.

मराठीत डोंगरावर लिहिलेलं काही कमी नाहीये, उलट ढिगानं आहे. १९०९ साली ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक निघाला तेव्हापासून आपल्याला सगळ्या विषयांवर दिवाळीत वाचायची सवय लागलीय, आणि त्यात एखादा तरी लेख गडाकोटांवर असतोच. पण प्रत्यक्ष क्लाइंबिंगवर जे येतं ते बहुतेक अहवाल असतं. पहाटे चारला चहा घेऊन निघालो, अमुक वाजता पायथा, तमुकने लीड घेतली (दोर घेऊन पहिला चढला), तमुकने बिले दिला (खालून दोर सांभाळला), पहिला टप्पा, दुसरा टप्पा, माथ्यावर गारद म्हटली, सहभागी सदस्यांची नावं, आभार. यात खोटं काही नसतं. पण चढताना जे घडतं त्यातलं अर्धंअधिक यात नसतंच. कोण घाबरलं, कुणाचं कुणाशी वाजलं, दोर कुणाचा होता आणि तो किती जुना होता, लीडवर जायचा नंबर असून पोटात दुखतंय म्हणून खाली कोण बसलं, रात्री भांडी कुणी घासली (बऱ्याचदा पोरींनी, हे पण कुणी लिहीत नाही). हे सगळं उतरल्यावर चहाच्या टपरीवर बोललं जातं आणि तिथेच सांडून जातं. मला ते टपरीवरचं पाहिजे होतं.

आणि बोल्ट. बोल्टबद्दल जरा सविस्तर सांगते कारण अंकाचा खरा जीव त्यात आहे.

आमच्या उद्यमबागेत लेथवर आयुष्य घालवलेले एक मामा आहेत. तरुणपणी ते आणि त्यांचे मित्र चढायचे, बाहेरचं सामान मिळायचं नाही, मिळालं तरी परवडायचं नाही, मग जीपचा जुना पाटा तापवून ठोकून त्याच्या खिळ्या, म्हणजे पिटॉन, करायचे आणि लोखंडी पट्टीला दोन भोकं पाडून बोल्टाचे हँगर, म्हणजे बोल्टावर बसणारी, दोर जिच्यात अडकवतात ती पट्टी. त्यातला एक हँगर त्यांनी मला दाखवला. तळहातात मावतो, कडा कानशीनं घासून गोल केलेल्या कारण कॅराबिनरला, म्हणजे दोर अडकवायच्या कडीला, चरा पडू नये, आणि एका भोकाच्या बाजूला पंचने मारलेले दोन ठिपके. मी विचारलं हे काय, तर म्हणाले, “अगं ती माझी खूण. कुणी पडलंबिडलं तर कळायला नको काय, माल कुणाचा हाय त्यो.” मी गप्पच बसले. तेव्हा बोल्ट मारायला ड्रिल मशीन नव्हतं, एका हातात दगडाला भोक पाडायचा सुमला, दुसऱ्या हातात हातोडी, एका भोकाला अर्धा तास सहज, तेही दोरावर लोंबकळत. असे बोल्ट आजही सुळक्यांवर आहेत. साध्या लोखंडाचे आहेत, सह्याद्रीच्या पावसात दर वर्षी चार महिने भिजतायत, खाली दगडावर गंजाचा तांबडा ओघळ उतरलाय. आणि वरून दिसतो तो फक्त हँगर, आतली दांडी किती उरलीय ते काढल्याशिवाय कळत नाही. आज बाजारात येणाऱ्या चांगल्या अँकरला, म्हणजे बोल्ट-हँगरच्या जोडीला, आडव्या ओढीत २५ किलोन्यूटन, म्हणजे अडीच हजार किलोच्या आसपास वजन, सोसायची अट असते. पण बोल्ट साधा जस्त चढवलेला आणि हँगर स्टेनलेसचा असं जोडलं तर दोन धातूंच्या संगतीनं गंज उलट लवकर धरतो. बदामीच्या मऊ दगडात बोल्ट लांब लागतो. हे सगळं कुठल्याही माहितीपत्रकात मिळेल. पण या सुळक्यावरचा हा तिसरा बोल्ट कुठल्या साली, कुणी, कसल्या लोखंडाचा मारला हे कुठल्याच पत्रकात मिळत नाही. ते मामांच्या डोक्यात आहे, आणि मामांचं वय आता सत्तरीच्या पुढे.

म्हणून अंकात शेवटची काही पानं नुसती बोल्टांची असतात. कुठे, कधी, कुणी, कशाचा, शेवटचा कुणी तपासला. दिसायला ती पानं रेल्वे टाइमटेबल. माझ्या एका साहित्यिक मैत्रिणीनं ती बघून तोंड वाकडं केलं, म्हणाली ललित कुठाय यात? मला विचाराल तर अंकातलं सगळ्यात ललित तेच आहे. दोन ठिपक्यांची खूण मारणाऱ्या माणसाची नोंद मला कुठल्याही सूर्योदयवर्णनापेक्षा बरी वाटते.

बाहेर असे छोटे अंक काढायची परंपरा जुनी आहे. १९५५ साली कॅलिफोर्नियात जीन क्रेनशॉ आणि हेलन किल्नेस या दोघी बायकांनी ‘समिट’ सुरू केलं, अमेरिकेतलं डोंगरांवरचं सुरुवातीचं मासिक, आणि चालवलं १९८९ पर्यंत. संपादक म्हणून नावं छापायच्या ती नुसती आद्याक्षरं आणि आडनाव, कारण बायका संपादक आहेत हे कळलं तर पुरुष गिर्यारोहक अंकाला भाव देतील की नाही याची शंका. हे वाचल्यावर मी आमच्या अंकात माझं पूर्ण नाव जरा मोठ्या टायपात टाकलं, खरंच सांगते. पुढे २००२ मध्ये ‘अल्पिनिस्ट’ आलं, देखणं, महागडं, २००८ मध्ये पैसे संपून बंद पडलं, मग दुसऱ्यांनी घेऊन जगवलं. २०२२ च्या सुमाराला तिकडचं मोठं ‘क्लाइंबिंग’ मासिक छापायचं थांबलं. आणि गंमत बघा, घरच्या घरी काढल्यासारखे छोटे छापील अंक तिकडे अजून निघतायत, ‘समिट’सुद्धा अलीकडे परत छापील रूपात आलंय. मोठ्याला जाहिरातदार सोडून गेला की मोठा पडतो. छोट्याकडे सोडून जायला कुणी नसतंच.

आपल्याकडे याला शब्द तयार आहे, अनियतकालिक. पन्नास-साठच्या दशकात ‘शब्द’, ‘असो’ वगैरे काढणाऱ्यांनी तो मिरवला, आम्ही आपला गरजेनं घेतला. वर्षात एकदा निघतो, कधी दीड वर्षानं, पाऊस आणि माझी नोकरी यावर आहे ते. कायद्याच्या बाजूनंही तेच सोयीचं. १८६७ चा छापखान्याचा जुना कायदा जाऊन २०२३ चा नवा १ मार्च २०२४ पासून लागू झाला, ठरावीक मुदतीनं नियतकालिक काढायचं तर नोंदणी आली, शीर्षकाची मंजुरी आली. आम्ही प्रत्येक अंक सुटं पुस्तक म्हणून काढतो, आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, घेतो, तो आपल्याकडे फुकट मिळतो हे पुष्कळांना माहीतच नाही.

पोस्टाचं मात्र दर वेळी नवीन. २०२४ च्या डिसेंबरात रजिस्टर्ड बुक पोस्ट एकाएकी बंद झालं तेव्हा आमच्यासारख्यांच्या पोटात गोळाच आला. मग २०२५ च्या १ मे पासून ज्ञान पोस्ट आलं, ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोला १००, त्यावर कर. छान. पण त्याला नियतकालिक चालत नाही आणि जाहिरात चालत नाही. आता आमच्या अंकात जाहिरात एकच, क्लाइंबिंगच्या बुटांना नवीन सोल लावून देणाऱ्या एका माणसाची, आणि ती पण फुकट, कारण त्यानं निम्म्या बेळगावचे बूट वाचवलेत. काउंटरवर नियम वाचून मी घरी आले आणि ती जाहिरात काढून त्याच्यावर दोन पानांचा लेखच लिहिला. रबर कसं घासतात, टाचेकडून कसं सोलतात, डिंक किती वेळ वाळू द्यायचा. जाहिरातीपेक्षा त्याला लेखानं जास्त गिऱ्हाईक आलं म्हणे.

प्रेसवर मात्र रमायला होतं. शहापुरात आमचा प्रेस आहे, तिथले काका पहिल्या अंकाच्या वेळी फोटो उलटेसुलटे करून बघत म्हणाले, “काय छापूलालासा ओ ताई, नुसता दगूड?” आता तेच सांगतात की बदामीचा लाल रंग मॅपलिथोवर मरतोय, कागद शाई पितोय, फोटोंचा एक फॉर्म आर्ट पेपरवर घ्या. सोळा पानांचा एक फॉर्म, प्लेटा तीनशे प्रतींना काढल्या काय नि तीन हजारांना काढल्या काय पैसे तेवढेच, त्यामुळे आमचा अंक प्रतीमागे महाग पडतो आणि लोकांना वाटतं मी कमवते. सगळ्यात छळतो तो फॉन्ट. लेखक मोबाइलवर युनिकोडात लिहून पाठवतात, प्रेसमधली डीटीपीची अक्का अजून पेजमेकरवर जुन्या फॉन्टात काम करते, मजकूर इकडून तिकडे गेला की रफार उडतात, ‘गिर्यारोहण’चं काहीतरी भलतंच होतं, आणि इंग्रजी शब्दांतले जोडाक्षरी ‘क्ल’ आणि ‘ग्र’ तर फुटायलाच बसलेले. क्लाइंबिंगच्या अंकात ‘क्ल’ फुटला तर काय उरतं सांगा.

अक्का कन्नड टायपिंगही तितक्याच सफाईनं करते, आणि त्यामुळे आमच्या अंकातली ती कन्नड पानं शक्य झाली ज्यांच्यावरून मी दोन्हीकडच्या शिव्या खाल्ल्यात. बदामीच्या एका पोरानं, तिथलाच, लहानपणापासून त्या भिंतींखाली वाढलेला, आग्यामोहोळांवर लिहून पाठवलं. कुठल्या भिंतीवर कुठल्या महिन्यात पोळी लागतात, वारा कुठून असला की माश्या उठतात, परफ्यूम मारून आलेल्या पाहुण्याला कसं लांब ठेवायचं, धूर दिसला तर दोर तिथेच सोडून कसं पळायचं. कन्नडमध्ये लिहिलेलं, आणि फार सुरेख. भाषांतर करून घेऊ असं मी त्याला म्हटलं, तर त्यानं मलाच अक्का म्हणत विचारलं की माझी आई पण वाचणार आहे, तिनं काय करायचं? मग तसंच छापलं, कन्नड लिपीत, खाली मराठीत थोडक्यात सारांश. इकडचे म्हणाले मराठी अंकात हे कशाला, आपणच आपल्या भाषेवर पाणी सोडायचं काय. तिकडच्या एकाचा फोन आला की चारच पानं का, निम्मा अंक का नाही. माझं मत साधं आहे, खडक त्याचा, माश्या त्याच्या, जीव पण त्याचाच जाणार, तर लिपी त्याची असू दे. आणि ज्यांना हे पटत नाही त्यांनीसुद्धा बदामीला जायच्या आधी ती पानं कुणाकडून तरी वाचून घेतली हे मला माहितीय.

अंक विकायचा कुठे? कडोली, उचगाव, येळ्ळूर, आमच्या सीमाभागात गावोगाव साहित्य संमेलनं होतात, गावकरी वर्गणी काढून करतात, ग्रंथदिंडी, लेझीम, दुपारी गावजेवण, आणि पुस्तकांच्या स्टॉलवर एक कोपरा मिळतो. एकदा एका आजोबांनी अंक उचलला, चाळला, विचारलं यात शिवाजी महाराज आहेत काय? म्हटलं महाराज नाहीत पण घोरपड आहे. लगेच बसले खुर्ची ओढून. १६७० चा कोंढाणा, तानाजी आणि त्याची यशवंती सगळ्यांना पाठ असते, इतिहासकार तिला पोवाड्यातलीच धरतात तो भाग वेगळा. पण आमच्याच शेजारच्या मुधोळच्या घोरपडे घराण्याची कथा तशीच, आणि जवळजवळ दोनशे वर्षं आधीची. बहामनी काळात खेळणा, म्हणजे विशाळगड, घेताना त्यांच्या पूर्वजानं घोरपडीला दोर बांधून कडा चढवला आणि तो किताब मिळाला अशी परंपरा सांगतात. अंकात आम्ही एवढंच तपासलं होतं की घोरपड खरंच माणसाचं वजन धरेल का. घोरपड घेऊन नाही, ती कायद्यानं पहिल्या अनुसूचीतली, हात लावायचा नाही. नुसता हिशेब, तिची नखं, तिचं वजन, कपारीत अंग फुगवून बसायची तिची रीत. आजोबांनी सगळं ऐकून घेतलं, अंक घेतला आणि जाता जाता म्हणाले, “धरंल की, न धरायला काय झालं.” त्यांच्याशी वाद घालायची माझी प्राज्ञा नाही. एक प्रत दर वेळी बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयातही जाते, १८४८ सालचं वाचनालय ते, तिथे ठेवलेलं टिकेल असं आपलं वाटतं.

सगळ्यात जास्त वाचलं जाणारं पान मात्र वेगळंच आहे, अपघातांचं. अमेरिकन अल्पाइन क्लब १९४८ पासून दर वर्षी अपघातांचे अहवाल छापतं, काय झालं, का झालं, काय केलं असतं तर टळलं असतं. आपल्याकडे अपघात झाला की पेपरात दोन ओळी, तोल जाऊन तरुणाचा मृत्यू. तोल! जणू कड्यावर तोल सोडून दुसरं काही जातच नाही. आणि कुणी वाचला तर त्या दोन ओळीही नाहीत, ग्रुपमध्ये सगळे तोंडावर बोट ठेवतात. थोडक्यात वाचलेल्याच गोष्टी खरं तर जास्त कामाच्या, कारण सांगणारा जिवंत असतो. मी जाहीर केलं की नाव, ग्रुप, तारीख काही छापणार नाही, फक्त काय झालं ते लिहा. बरेच महिने काही आलं नाही. माथ्यावरचे फोटो मात्र रोज यायचे.

मग निपाणीच्या पोस्टाचा शिक्का असलेलं एक पाकीट आलं, आत वहीची दोन पानं, सही नाही. लिहिलं होतं की रूट सत्तावीस-अठ्ठावीस मीटरचा होता आणि दोर साठ मीटरचा. साठचा दोर निम्मा वर निम्मा खाली, म्हणजे तीस मीटरपर्यंत सुखरूप उतरवता येतं, हिशेब बरोबर. पण त्या दोराचं एक टोक आधीच्या सीझनला झिजलं म्हणून कुणीतरी कापून टाकलं होतं, नियमाप्रमाणे योग्यच केलं, फक्त कुणाला सांगितलं नाही आणि दोरावर खूणही केली नाही. साठचा बावन्न-त्रेपन्न राहिला होता. बिले देणारा वर बघत सोडत गेला, टोकाला गाठ नव्हती, आणि दोर त्याच्या हातातून निघून गेला. चढणारा शेवटचा काही फूट तसाच खाली आला, घोट्याचं हाड गेलं, निभावलं. टोकाला एक गाठ असती तर ती बिले डिव्हाइसमध्ये अडकली असती आणि नुसता हशा झाला असता. पत्राच्या शेवटी एक ओळ होती, खोडून परत लिहिलेली: बिले मी देत होतो.

ते छापलं. त्यानंतर पाकिटं यायला लागली, सगळीकडून.

या वेळच्या अंकात असंच एक पत्र आहे आणि त्यावरून सध्या तापलंय. नाव नाही, तारीख नाही, पण सुळक्याचं वर्णन असं आहे की माहितगार माणूस ओळखणारच, आणि त्या ग्रुपमधल्या एका ज्येष्ठांचा मला फोन आला. आवाज चढवला नाही त्यांनी, उलट फार मायेनं बोलले, ताई, पोरांनी पंचवीस वर्षं ग्रुप उभा केलाय, शाळांच्या पोरांना घेऊन जातो आम्ही, हे आलं की पालक पाठवायचे नाहीत. त्यांचं म्हणणं खोटं नाही, आणि मला त्यांच्याबद्दल आदर आहे, मी पहिला दोर त्यांच्याच हातून बांधलाय. पण पत्रात जे आहे ते एका जुन्या बोल्टाबद्दल आहे जो हातानं गोल फिरतो, आणि तो बोल्ट अजून तिथेच आहे, आणि दिवाळीनंतर तिथे लोक जाणारच आहेत. त्यांना मी विचारलं तुम्ही तो बदलून घेता का, मी पत्राशेजारी तेही छापते, बदलला म्हणून, तारखेसकट. ते म्हणाले बघतो. परवा परत फोन केला, अजून बघतायत.

प्रेसच्या काकांना मी सांगून ठेवलंय, तो फॉर्म सगळ्यात शेवटी घ्या. बोल्ट बदलल्याचं कळलं तर खाली एक ओळ वाढेल, नाही कळलं तर पत्र आहे तसं जाईल. प्लेट सोमवारी निघणार आहे.